मामांनी साखर सोडली

साखर सोडण्यासाठी माझ्या सासऱ्यांनी जेवढे कष्ट घेतले, तेवढ्या कष्टांत दुसऱ्या एखाद्याने साखर कारखाना उभा करून दोन गळीत हंगामही पार पाडले असते. हे मी कौतुकाने म्हणते आहे की वैतागाने, ते माझं मलाच नीट सांगता यायचं नाही. गेली दोन वर्षं मी त्या कष्टांची साक्षीदार आहे, मदतनीस आहे आणि बरेचदा त्यात भरडलेही गेले आहे. त्यामुळे सांगताना मध्येच माझा आवाज बसला, तर तो थकव्याने बसला असं समजा.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. इस्लामपूरच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पॅनमन म्हणून नोकरी केली. पॅनमन म्हणजे काय हे लग्नाआधी मला माहीत नव्हतं. लग्नानंतर ते ऐकलं नाही असा दिवस गेला नाही. उसाच्या रसाचा दाट पाक ज्या अवाढव्य बंद भांड्यात उकळतात आणि जिथे त्याचे साखरेचे दाणे बांधले जातात, ते भांडं म्हणजे पॅन. त्याच्याजवळ आठ आठ तास उभा राहतो तो पॅनमन. मधूनमधून त्यातला थेंबभर पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा कुठवर आलाय ते नजरेने ठरवायचं. घाई केली तर दाणा बारीक राहतो, उशीर झाला तर सगळा गोळा होऊन बसतो. मामा सांगायचे, "लॅबवाले येऊन आकडं वाचायचे. आमी म्हनायचो, वाचा, वाचा. आन् मग आमच्या मनानं पॅन सोडायचो."

नोकरीत असताना ती नजर कारखान्याबाहेरही सुटी घेत नसे, आणि नोकरी संपली तरी काही निवृत्त झाली नाही. कुणाच्याही घरी गेले की मामा आधी साखरेचा डबा मागत. चिमूटभर साखर तळहातावर घ्यायची, अंगठ्याने पसरायची, खिडकीपाशी जाऊन एक डोळा मिटून बघायची आणि मग निकाल द्यायचा. मला बघायला ही मंडळी साताऱ्याला आमच्या घरी आली, तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर नवरदेवाचे वडील जागेवर नव्हते. ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पाठमोरे उभे होते आणि माझी आई हातात साखरेचा डबा धरून, परीक्षेला बसल्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाहेर येऊन ते माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगी पसंत हाय. पर साखर कुठनं आनता? घाईत पॅन सोडलाय त्यांनी." माझे वडील मुळात तापट. ते लग्न मोडायच्या बेतात होते. पण माझ्या आईने त्यांना आत बोलावून सांगितलं, की जो माणूस साखरेतली खोट तोंडावर बोलतो, तो पोरीच्या पाठीमागे काही बोलणार नाही. आईचं हे म्हणणं खरं ठरलं. मामा माझ्याबद्दल जे काही बोलले ते कायम माझ्या तोंडावरच बोलले.

नात्यातल्या एका बारशाला सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, तर बाकीच्यांनी ती तोंडात टाकली आणि मामा ती घेऊन अंगणात उन्हात गेले. परत आल्यावर बाळाच्या आजीला म्हणाले, "नाव झ्याक ठेवलंय." एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. हॉटेलात गेलो की वेटर पाणी ठेवायच्या आत मामा साखरेचं भांडं बशीत उपडं करत. लग्नाच्या मांडवात गेलो, की हा माणूस जेवायच्या पंगतीत नसेल तर आचाऱ्याजवळ पोत्यांपाशी सापडेल, हे आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. साखरेला ते साखर म्हणतच नसत, 'माल' म्हणत. त्यामुळे एसटीत शेजारी बसलेल्यांचे काय काय गैरसमज होत असत, ते मी सांगत नाही.

सासूबाई गेल्यावर मामा गाव सोडून आमच्याकडे सांगलीला आले. माझा नवरा औषध कंपनीचा फिरता प्रतिनिधी. आठवड्यातले चार दिवस कऱ्हाड, सातारा, फलटण असा फिरतीवर. मी कुपवाडला एका छोट्या कारखान्यात माल पाठवायचं काम बघते. सकाळी साडेआठला स्कूटर काढते आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला, धूळ आणि ऑइलचा वास घेऊन घरी येते. अशा घरात मामा आले, आणि वर्षभरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून आम्ही त्यांना मिरजेला नेलं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं. मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "आजोबा, तुमच्या रक्तात साखर फार आहे."

मामा घाबरले नाहीत. उसातून शेकडा किती साखर निघते, त्याला कारखान्यात उतारा म्हणतात. त्यांनी फक्त विचारलं, "उतारा किती म्हनायचा?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला. मामा माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "आमच्या कारखान्याला कवा असा उतारा लागला न्हाई."

डॉक्टर भले माणूस. त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट समजावून सांगितलं. डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा, सगळं. चहातली साखर बंद, गोडधोड बंद, भात कमी, रोज चालायचं. साखर खाली येईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं. मामा मन लावून ऐकत होते.  परतीच्या रिक्षात, विश्रामबाग आल्यावर, म्हणाले, "चौतीस वरसं साखर केली. आता मोडायला शिकाय पायजे." मला वाटलं, सुटलो. माणसाला पटलंय.

पटलं होतं, हीच पंचाईत झाली. ज्या माणसाला एखादी गोष्ट पटत नाही, तो निदान शेजारच्याला स्वस्थ बसू देतो. मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या साखरेचा डबा नाहीसा केला. फक्त स्वतःपुरता नव्हे, सगळ्यांसाठी. तो मला तीन आठवड्यांनी माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात सापडला, तोही रिकामा. मी कुपवाडहून येऊन, डोकं दुखत असताना, बिनसाखरेचा चहा औषधासारखा पीत होते. माझी मुलगी कॉलेजातून येताना बाहेर चहा पिऊन यायला लागली. नवरा फिरतीवर जायला उत्सुक दिसू लागला. मी त्याला फोन केला की तो म्हणायचा, "अगं, त्यांना जरा समजावून सांग." हा माणूस पोटासाठी डॉक्टरांना समजावत फिरतो, पण स्वतःच्या वडिलांना समजावण्याचं काम त्याने पहिल्या दिवशीच माझ्याकडे सोपवलं होतं.

मग प्रयोग सुरू झाले. आधी मामांनी साखर सोडून गूळ धरला. "गूळ म्हंजे साखर न्हवं, त्यात लोखंड असतंय," असं सांगत ते भाकरीबरोबर मुठीएवढा खडा खात. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला हात जोडले, तेव्हा गूळ सुटला आणि मध आला. मधानंतर खजूर आला. खजुरानंतर नवऱ्याने कुठून तरी साखरेऐवजी घालायच्या गोळ्यांची डबी आणून दिली. मामांनी त्यातली एक गोळी फोडली, तिची भुकटी तळहातावर घेतली, उन्हात धरली आणि कधी नव्हे ते हताश होऊन म्हणाले, "ह्याला दानाच न्हाई गं." कार्ल्याचा रस झाला, मेथीचं पाणी झालं, जांभळाच्या बियांची पूड झाली. कुणीतरी अनवाणी चालायला सांगितलं म्हणून अनवाणी चालून झालं, आणि पायाला जखम झाली तर डॉक्टर काय म्हणतील या धास्तीने मी रोज संध्याकाळी त्यांचे तळवे बॅटरी लावून तपासत बसले. दिवाळीत त्यांनी मला करंज्यांच्या सारणात साखर घालू दिली नाही. त्या करंज्यांतली पाहुण्यांनी एकेक खाल्ली आणि कुणीही दुसरी मागितली नाही. सहा महिन्यांत माझं वजन चार किलो कमी झालं, मुलीचं तीन. नवऱ्याचा पट्टा एक भोक आत गेला. आणि मिरजेच्या डॉक्टरांनी मामांचा नवा रिपोर्ट बघून पुन्हा चष्मा काढला.

"साखर वाढली आहे."

"कशी वाढंल?" मामा म्हणाले. "घरात मालच न्हाई."

हे अक्षरशः खरं होतं. मी रात्रंदिवस स्वतःच्या स्वयंपाकाकडे संशयाने बघायला लागले. उकल झाली ती माझ्या स्कूटरच्या चाकामुळे. एका सकाळी चाक पंक्चर निघालं, मी स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, आणि जिनपाल अण्णांच्या किराणा दुकानात, तेलाच्या डब्यांच्या मागे, स्टुलावर बसून बशीतून चहा फुंकणारे मामा मला दिसले. जिनपाल अण्णा आमच्या गल्लीतले जुने दुकानदार. मामांच्याच वयाचे. दिवस मावळायच्या आत जेवणारे, कांदा-लसूण वर्ज्य असलेले, जिभेवर कडक ताबा ठेवणारे गृहस्थ. पण चहा मात्र त्यांना गोडच लागतो. अण्णा मला बघून कौतुकाने म्हणाले, "या वैनी. मामांचा हा रोजचा टाइम. अर्धाच घेत्यात."

अर्धाच. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि चौकशी केली. अण्णांकडे अर्धा. तिथून मागच्या गल्लीतल्या सिस्टरबाईंकडे अर्धा. त्या मिरजेच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहणाऱ्या, त्यांना सकाळी बोलायला माणूस हवं असायचं. पुढे रिक्षा स्टँडवर अर्धा. मारुतीच्या देवळासमोरच्या शिंप्याकडे अर्धा. असे करत करत सकाळी सात ते दहा मामांचे सात अर्धे कप होत होते, आणि प्रत्येक ठिकाणी आधी साखरेचा डबा बघून, तळहातावरची चिमूट, फेकून द्यायला जिवावर येतं म्हणून, तोंडात टाकणं होत होतं.

घरी आल्यावर मी विचारलं, तर मामा जराही वरमले नाहीत. "घरात सोडलीया की. भाईर कुठं सोडली? लोकांच्या घरचा च्या न्हाई म्हनलं तर त्यास्नी काय वाटंल?"

"आणि तुमच्या डोळ्यांना काय वाटेल?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. सहा महिन्यांची कार्ली, मेथी आणि बिनसाखरेच्या करंज्या त्या आवाजात होत्या.

त्या रविवारी मी सातही ठिकाणी गेले. भांडायला नाही, हात जोडायला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, आणि म्हणाले, कृपा करून मामांना चहा देऊ नका. सगळ्यांनी मनापासून ऐकलं. सिस्टरबाईंनी तर कपाळावर हात मारला. "मी नर्स असून मला कळू नये? बरं झालं सांगितलंत." अण्णांनी माझ्यासमोर मामांचा कप धुऊन वरच्या फळीवर ठेवून दिला. इतकी शहाणी माणसं शेजारी आहेत म्हणून मला भरून आलं. तीन महिन्यांनी मिरजेचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढलाच नाही. हसले. "आजोबा, कमाल केलीत. आता डोळ्याचं ऑपरेशनही करून टाकू." मामा म्हणाले, "मी न्हाई केलं. ह्या पोरीनं केलं." परतीच्या रिक्षात मी स्वतःवर खूश होते. बऱ्याच दिवसांनी मला थकल्यासारखं वाटत नव्हतं.

पुढचे काही आठवडे घर फार शांत होतं. मी ती शांतता जेवणानंतरच्या झोपेसारखी अंगभर घेतली. प्रयोग बंद झाले. कार्ल्याचा रस बंद झाला. साखरेचा डबा मामांनी आपण होऊन भरून स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि म्हणाले, "तुमी घेत जावा." सकाळी मी डबे भरत असताना मामा टोपी घालून दाराशी यायचे, चप्पल पायात सरकवायचे, क्षणभर उभे राहायचे, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत आत जायचे. मी हे रोज बघत होते. पण सकाळी साडेआठच्या आत एवढी कामं असतात, की बघितलेल्या गोष्टीचा विचार करायला सवड मिळत नाही. ते दिवसभर टीव्हीसमोर बसत. आवाज बंद करून. दाढी दोन दोन दिवस राहायला लागली. एकदा महिन्याचा किराणा आला, मी पिशवीतून साखर काढून डब्यात ओतली, ते समोरच बसले होते, आणि त्यांनी मान वळवून बघितलंही नाही.

मग एका संध्याकाळी मी कुपवाडहून येताना अण्णांच्या दुकानाशी थांबले. अण्णा काड्यापेटी देता देता म्हणाले, "वैनी, मामा बरे हायत न्हवं? दिसत न्हाईत कुठं."

"म्हणजे? तुमच्याकडे येत नाहीत?"

"दोन-चारदा आले सुरवातीला." अण्णा गल्ल्यावरचं फडकं उगाच झटकत राहिले. "आता तुमास्नी काय सांगायचं. च्या द्यायचा न्हाई ठरलं. मग मानसाला 'या, बसा' म्हनायचं तरी कसं? म्हनलं आन् च्या न्हाई दिला तर ते बरं दिसतंय व्हय? मी म्हनायचो, कसं काय मामा. ते म्हनायचे, बरं हाय. आन् जायचे."

मी काड्यापेटी घेऊन स्कूटरवर बसले. घर दीडशे पावलांवर होतं, पण मला ती सुरू करवेना. सात दारं मी स्वतःच्या हाताने बंद करून आले होते, आणि ज्यांची ती दारं होती त्यांना, मला आणि डॉक्टरांना, सगळ्यांनाच आपण चांगलं काम केलं असं वाटत होतं.

मामा अंधार पडत आला तरी दिवा न लावता बसले होते. मी दिवा लावला आणि म्हणाले, "मामा, तुम्ही अण्णांकडे का जात नाही?"

"जातो की."

"कधी?"

मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मी समोर बसले. "मी त्या सगळ्यांना सांगून आले होते. चहा देऊ नका म्हणून."

"ठावं हाय मला. सिस्टरबाई दुसऱ्याच दिवशी बोलल्या. तू माझ्या भल्याचंच केलंस." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पर एक सांगू का? त्यांच्या दारात गेलो ना, की त्यांच्या तोंडावर भ्या दिसतंय. आता ह्यो च्या मागंल आन् आपल्याला न्हाई म्हनावं लागंल, ह्याचं भ्या. चांगली मानसं हायत. त्यास्नी कशाला अवघडात पाडायचं?"

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी फार दमले होते. मी उठून कुकर लावला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्याच सात दारांशी गेले. या खेपेला सांगितलं, की चहा द्या, फक्त साखर घालू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण पाहुण्याला बिनसाखरेचा चहा द्यायचा हे कुणाच्या हाताला जमेना. शिंप्याने चहाऐवजी नुसतं पाणी दिलं. सिस्टरबाईंनी दिला चहा, अगदी नेमका दिला, आणि मामा परत येऊन मला म्हणाले, "औषध पाजल्यावानी समोर बसल्या हुत्या. संपतोय का न्हाई बगत." ते काही पुन्हा गेले नाहीत.

यानंतर जे घडलं ते माझ्या शहाणपणामुळे घडलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे ते माझ्या चिडण्यामुळे घडलं. एका सुट्टीच्या दुपारी मी भांडी घासत होते, मामा मागे पाटावर बसून सुस्कारे टाकत होते. एक, दोन, तीन. चौथ्या सुस्काऱ्याला मी साबणाच्या हातांनी वळले आणि म्हणाले, "त्यांच्या दारात जायचं अवघड वाटतं ना? मग बोलवा त्यांनाच इकडे! तुम्ही करा चहा! घाला त्यांना साखर हवी तेवढी! तुम्ही आपला बिनसाखरेचा घ्या आणि बसा गप्पा मारत!" आणि पुन्हा भांड्यांकडे वळले. बोलून गेल्यावर वाईटही वाटलं. ज्या माणसाने सत्तर वर्षांत गॅसची शेगडी पेटवली नाही, त्याला मी हे सांगत होते.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तर बेसिनमध्ये पाच कप, पाच बशा, करपून काळं झालेलं पातेलं आणि ओट्यावर मुंग्यांची रांग. मामा न्हालेल्या पोराच्या चेहऱ्याने मधोमध उभे होते. दाढी केलेली. "चार वाजता बोलवलं हुतं. अण्णा दुकान बंद करून आले. सिस्टरबाई आल्या. शिंपी आला. रिक्षावाला गाडी दारात लावून आला."

दुसऱ्या दिवशी अण्णा मला हळूच म्हणाले, "वैनी, काल आमी काय प्यालो ते आमी इचारलं न्हाई. पर बरं वाटलं."

तेव्हापासून चार वाजताचा चहा आमच्याकडे असतो. मामांनी तो हळूहळू शिकून घेतला, आणि शिकायची त्यांची पद्धत सगळ्यांना घाम फोडणारी होती. चव स्वतः घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यामुळे ते प्रत्येकाला पहिल्या घोटानंतर थांबवत आणि विचारत. शिंप्याला जरा जास्त लागते. सिस्टरबाईंना कमी. अण्णा सगळंच चांगलं म्हणतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबून चालत नाही. आता करपत नाही. पण मला मात्र दमून आल्यावर रोज पाच-सहा कप विसळावे लागतात आणि ओटा पुसावा लागतो. मी कुरकुर करते. नवरा फोनवर म्हणतो, "अगं, त्यांना जरा सांग ना, कप धुऊन ठेवायला." मी सांगत नाही. एकदा मी लवकर आले, तर सगळे निघून गेले होते आणि ओट्याशी पाठमोरे उभे राहून मामा साखरेचा चमचा चाटत होते. मी चपला वाजवून बाहेर गेले आणि दोन मिनिटांनी पुन्हा आत आले. त्याबद्दल आम्ही दोघेही कधी बोललो नाही. डॉक्टरांच्या रिपोर्टातही ते आलं नाही.

मामा आता पूर्वीसारखे नाहीत, हे मात्र मला कबूल करावं लागेल. लग्नाकार्यात ते पंगतीत सर्वांबरोबर बसतात, गोडाचं ताट आलं की पानावर हात आडवा धरतात आणि शेजारच्याकडे बघून कसंनुसं हसतात. आचाऱ्यापाशी जात नाहीत. मध्यंतरी साताऱ्याहून माझी आई आली होती, तिने मुद्दाम आपल्या घरची साखर एका पुडीत बांधून त्यांच्यापुढे ठेवली. मामांनी पुडी उघडली, बघितली आणि म्हणाले, "चांगली हाय." आई मला आत येऊन म्हणाली, "म्हातारे झाले गं."

परवा कुपवाडहून निघायला उशीर झाला. आमची मालाची गाडी आलीच नव्हती, आणि ती का आली नाही याची उत्तरं चार ठिकाणी देऊन माझं तोंड कोरडं पडलं होतं. घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. चारची मंडळी केव्हाच गेली होती. नवल म्हणजे बेसिन रिकामं होतं, कप धुऊन उपडे घातलेले होते. मी पिशवी खाली टाकून खुर्चीवर बसले, तर मामा आतून एका हातात कप आणि एका हातात बशी असे सावकाश, सांडू नये म्हणून कपाकडे बघत आले.

"घे. आत्ताच केला."

मी पहिला घोट घेतला. चहा इतका गोड होता की घशाला चिकटला. तीन माणसांची साखर त्यात असावी. समोर मामा आपला बिनसाखरेचा कप घेऊन बसले होते आणि माझ्या चेहऱ्याकडे, उत्तराची वाट बघत, एक डोळा किंचित बारीक करून बघत होते.

"गोड झालाय न्हवं?"

"छान झालाय."

"मला काय कळत न्हाई आता," ते म्हणाले. "कसा लागतोय तेच इसरून गेलो बग. अंदाजानं घालतो."

 कप मोठा होता, चहा गरम होता. मी तो हळूहळू पीत राहिले, आणि मी पीत होते तोवर मामाही उठले नाहीत.